परतीच्या ट्रॅकवरचा ठोका

४ मार्च, सोमवार

दादाच्या खोलीत आज पहिल्यांदा कामाला बसले. बसले म्हणजे सकाळभर टेबलाखाली रांगत होते. या माणसाने आयुष्यात एका तरी वायरला चिठ्ठी लावली असेल तर शपथ. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, कुठली कुठे जाते ते फक्त त्यालाच ठाऊक. आणि तो चार महिन्यांपूर्वी पोटात दुखतंय म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही.

आवाज साफ करणं हा माझा धंदा आहे. लोकांच्या मुलाखतींतले खोकले, खुर्च्यांची कुरकुर, पंख्याची घरघर मी काढून टाकते. त्यामुळे दादाचं अर्धवट राहिलेलं शेवटचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. नाचाच्या वर्गाच्या बाईंना त्याने एक तालाचा तुकडा कबूल केला होता. त्या बिचाऱ्या एकदाही मागायला आल्या नाहीत, म्हणूनच तो द्यायला हवा. रजा दोन आठवड्यांची. अठरा तारखेला बाबांना शुश्रूषागृहात न्यायला गाडी येईल आणि मग या घराला कुलूप लागेल. ते सगळं ताईने लांबून फोनवरच ठरवलं आहे. ताईचं लग्नाच्या वयापासून असंच आहे, ती ठरवते आणि आम्ही माना हलवतो.

रांगून रांगून मार्ग उलगडला तो असा. ड्रम मशीनचा आवाज इंटरफेसमधून, म्हणजे वायरी जोडायच्या डबीतून, कॉम्प्युटरमध्ये येतो. तिथून दुसऱ्या वायरने बाहेर पडून स्प्रिंगच्या पेटीत शिरतो. पेटीत खरोखरच्या लांब स्प्रिंगा आहेत. आवाज त्यांना थरथरवतो आणि ती थरथर तिसऱ्या वायरने परत कॉम्प्युटरमध्ये येते. कोरड्या विहिरीत टाळी वाजवल्यासारखा तो आवाज घुमतो. म्हणजे एक कोरडा ट्रॅक आणि एक परतीचा, आणि दोन्ही एकत्र केले की ताल मोठ्या खोलीत वाजतोय असं वाटतं.

पण ती पेटी त्याने भिंतीला चार स्क्रूंनी आवळून टाकली आहे. हे डोक्यावरून गेलं. स्प्रिंगांना बाहेरून धक्का लागला तरी त्या वाजतात, म्हणून शहाणे लोक अशी पेटी उशीवर ठेवतात. आमच्या दादाचं सगळंच उफराटं.

बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहून आले. भिंतीला लागून पलंग, त्यावर ते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डॉक्टर म्हणतात, डोळे उघडे असतात एवढंच, आत काही पोचत नाही. ते माझ्याकडे बघतात तेव्हा माझ्या आरपार मागच्या दाराकडे बघतात असं वाटतं. फार वेळ उभं राहवत नाही.

५ मार्च, मंगळवार

परतीचा आवाज नेहमी किंचित उशिरा येतो, कारण त्याला बाहेर फिरून यायचं असतं. म्हणून आधी एक टिक पाठवायची, ती किती उशिरा परत येते ते बघायचं आणि परतीचा ट्रॅक तेवढा मागे ओढायचा. टिक गेली, टिक आली. बेत जमला.

मग दादाचा ताल लावला. हेडफोनचा एक कान मेला आहे, म्हणून स्पीकरवरच. छान आहे हो. जड आहे पण पाय हलवणारा आहे. फक्त प्रत्येक आवर्तनाच्या शेवटाजवळ एक घर रिकामं आहे. तिथे काहीतरी पडायला हवं असं कानाला सारखं वाटतं आणि पडत नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं होतं. दादा असं भोक ठेवणारा नव्हता. विसरला असेल, किंवा तोवर पोट दुखायला लागलं असेल.

दुपारी रेकॉर्ड केलेलं ऐकलं. परतीच्या ट्रॅकवर त्या रिकाम्या घरात एक ठोका आहे. कोरड्या ट्रॅकवर नाही. मशीनने तो वाजवलेला नाही, मी पाठवलेला नाही, पण परत मात्र आला आहे. वायर खराब असणार.

७ मार्च, गुरुवार

वायर बदलली. तिन्ही बदलल्या. ठोका आहेच.

स्वयंपाकघरात बाबांना सांभाळणाऱ्या मावशी काहीतरी कुटत असतील म्हणून विचारायला गेले, तर त्यांना राग आला. म्हणाल्या, मी दिवसभर म्हाताऱ्या माणसासाठी पेज ढवळते, त्याचा आवाज होत असेल तर सांगा. मी माघार घेतली. जाता जाता त्यांनीच सांगितलं, की हे तुमचं ढमढम सुरू झाल्यापासून बाबांचं खाणं बरं आहे. चमचा नेला की तोंड उघडतात. मी म्हटलं, चला, कुणाला तरी फायदा झाला.

धंद्यातला उपाय केला. परतीच्या ट्रॅकवर गेट लावलं, म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आत येऊच द्यायचा नाही. आज तासभर काही आलं नाही. मग गेट ओलांडून आला. जोरात आला, मुद्दाम मारल्यासारखा.

८ मार्च, शुक्रवार

आज भोकच बुजवून टाकलं. रिकाम्या घरात मशीनमधला काठीचा ठोका बसवला. ना रहेगा बांस, म्हणतात तसं. पहिली काही आवर्तनं माझा ठोका आणि तो ठोका एकावर एक पडले, दोन माणसं एकाच दारातून घुसावीत तसे. मग तो थांबला. दिवसभर आला नाही.

काम फत्ते झालं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण ताल मेल्यासारखा वाटत होता. मावशी सांगत आल्या की आज बाबा तोंड उघडत नाहीत, पेज ओघळून मानेवर गेली. आता त्यात मी काय करणार? म्हटलं, संध्याकाळी परत बघा.

११ मार्च, सोमवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण जे लिहायचं आहे ते लिहायची लाज वाटत होती. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. लहानपणी ताई मला अंधाराची भीती घालायची तेव्हाही मी दिवा लावून तिलाच घाबरवायचे.

पण मी परीक्षा घेतल्या, त्या लिहून ठेवते. माझा ठोका काढला, की तो परत आला. हेडफोन लावून वाजवलं तर येत नाही. उघड्यावर, स्पीकरवर वाजवलं तरच येतो. रात्री येत नाही, संध्याकाळी सातच्या पुढे कधीच नाही. पाइप म्हणावा तर पाइपला ताल कुठला? शेवटी मशीनची लय एकदम वाढवली. तेव्हा तो चुकला. पहिल्या आवर्तनात मागे राहिला, दुसऱ्यात घाईने पुढे गेला आणि तिसऱ्यात बरोबर घरात बसला.

हे मी खुर्चीत बसून ऐकलं आणि माझ्या हातांवर काटा आला. यंत्र बिघडलं तर दर वेळी सारखंच बिघडतं. असं चाचपडून जागा शोधणं फक्त माणसाला येतं. वीस वर्षं मी माणसांचे आवाज कापते आहे. एवढं मला कळतं.

या खोलीत मी सोडून माणूस नाही. या मशीनवर, या भिंतींत, या तालात ज्याचा जीव होता तो एकच.

लिहिलं शेवटी. दादा आहे.

१३ मार्च, बुधवार

भीती गेली. माणसाला कशाचीही सवय होते. सकाळी आंघोळ करून मी शाळेत जावं तशी त्याच्याकडे जाते. मशीन लावते, पेटीकडे तोंड करून बसते आणि वाट बघते. तो येतो. मी हसते. मला वाटतं, गेल्या चार महिन्यांत मी एवढी हसले नव्हते.

आजचा ठोका मऊ होता. जाग्यावर होता, पण कापसात गुंडाळल्यासारखा. थकला असेल. मी आवाज वाढवून ऐकलं. तेवढ्यात मावशी कापूस आणि पट्टी मागायला आल्या. बाबांच्या बोटाचं साल निघालंय, कुठे घासतात कळत नाही, म्हणून गुंडाळून ठेवलंय म्हणाल्या. कपाटात बघा म्हटलं. माझं सगळं लक्ष परतीच्या ट्रॅकवर होतं.

दुपारी मशीन बंद करून मी त्याच्याशी बोलले. मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून. तू मेलास वगैरे विषय टाळला, माणसाला तोंडावर ते कसं सांगायचं? म्हटलं, दादा, तू केलंस तेवढं बाबांचं माझ्याने होत नाही रे. मला त्यांच्या खोलीत उभंसुद्धा राहवत नाही. ताईने सगळं ठरवलंय. सोमवारी गाडी येतेय, बाबांना नेतोय आम्ही. त्यांना काही कळत नाही असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यांना इथे काय अन् तिथे काय. चालेल ना तुला?

मशीन बंद होतं. खोलीत काहीही वाजत नव्हतं. परतीच्या ट्रॅकची पट्टी एकदम वर उसळली आणि खाली आली. एकच ठोका.

मी रडले. बरं वाटून रडले. दादाने हो म्हटलं.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळपासून काही नाही.

१६ मार्च, शनिवार, दुपार

आजही नाही. ताल लावून मी दीड दिवस बसले आहे. लय कमी केली, जास्त केली, आवाज शेजाऱ्यांनी दार ठोठावेपर्यंत वाढवला. वायरी काढून परत लावल्या. टिक पाठवली, टिक नेमाने परत आली. मार्ग ठीक आहे, मार्गावर कोणी नाही.

मी चिडले त्याच्यावर. मेल्या माणसावर चिडण्यात काय अर्थ, पण चिडले. बुधवारी हो म्हणालास आणि काल निघून गेलास. याआधीही असाच गेलास.

मग सुचलं की भिंतीतच काहीतरी बदललं असेल, तेव्हा पलीकडची बाजू बघावी. मशीन चालूच ठेवलं, रेकॉर्डिंगही चालू ठेवलं आणि बाबांच्या खोलीत गेले.

संध्याकाळ

नीट लिहायचा प्रयत्न करते.

पलंग भिंतीपासून लांब, खिडकीखाली होता. मावशी म्हणाल्या, परवा संध्याकाळीच हलवला. भिंतीचा रंग उडून गादीवर पडत होता आणि बोटाची जखम भरत नव्हती. भिंतीवर जिथे पलंग असायचा तिथे, झोपलेल्या माणसाचा डावा हात जाईल तेवढ्या उंचीवर, एक खळगा आहे. रुपयाएवढा. रंग गेलेला, खालचा गिलावा गुळगुळीत झालेला. दहा-बारा दिवसांत असा गुळगुळीत होत नाही. हे काम बऱ्याच महिन्यांचं आहे.

मी बोटाच्या पेराने तिथे एकदा ठोकलं. मग दादाच्या खोलीत जाऊन परतीचा ट्रॅक बघितला. माझा ठोका तिथे आला होता. त्याचा आकार मी ओळखते, आठवडाभर त्याच्याकडे बघत बसले होते.

चार स्क्रू का मारले होते, ते कळलं. दादाने पेटी चुकीची लावली नव्हती. बाबांच्या भिंतीला कान लावला होता.

परत त्या खोलीत गेले. या खेपेला दारात थांबले नाही. ताल वाजत होता. बाबांचा डावा हात चादरीवर होता, बोटाला मावशींची पांढरी पट्टी. आवर्तन शेवटाकडे आलं तसं ते बोट वर उचललं गेलं, आणि रिकाम्या घरात चादरीवर पडलं. आवाज झाला नाही. पुढच्या आवर्तनात पुन्हा. पुन्हा. दीड दिवस ते असेच वाजवत होते आणि मी पलीकडे दादाला शिव्या देत होते.

मी तिथे जमिनीवर बसले. मग एकेक आठवायला लागलं. लहानपणी दादा डबे बडवायचा, तेव्हा छापखान्यात रात्रपाळी करून आलेले बाबा पलीकडून भिंतीवर एकदा ठोकायचे. एक ठोका म्हणजे पुरे, थांबा. आमच्या घरात ओरडण्याची पद्धत नव्हती, बाबांचा तो एक ठोका बास असायचा. दादाने मोठेपणी त्या ठोक्यासाठी तालात जागा ठेवली. बाप आजारी पडला, बोलणं गेलं, तरी त्याच्याकडून रोज वाजवून घेतलं. आणि बुधवारी मी भिंतीला सांगितलं की सोमवारी बाबांना नेतोय, तेव्हा आलेला तो एक ठोका. पुरे. थांबा. मी त्याला हो समजले.

सातनंतर ठोका येत नाही, कारण सातला मावशी त्यांना झोपेची गोळी देतात. एवढं साधं. आवाजाच्या धंद्यात असून बाईला कान नाहीत.

१७ मार्च, रविवार

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली आणि सकाळी उठून बसले तेव्हा ती नीट दिसली.

बाबांना दादाचं कोणी सांगितलेलं नाही. ताई म्हणाली होती, त्यांना काय कळणार, कशाला उगीच. त्यांच्या लेखी दादा एके सकाळी बाहेर गेला. मग चार महिने पलीकडची खोली गप्प होती. आणि मग एक दिवस ताल सुरू झाला. तोच ताल, तीच मोकळी ठेवलेली जागा. त्या दिवसापासून ते जेवायला लागले. मी भोक बुजवलं त्या दिवशी तोंड मिटून घेतलं. वर मी भिंतीपाशी उभी राहून दादा, दादा करत गप्पा मारल्या, त्याही त्यांनी ऐकल्या.

मला वाटत होतं भिंतीपलीकडे दादा ठोकतोय. त्यांना वाटत होतं भिंतीपलीकडे दादा वाजवतोय. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही दोघं त्याच्याशी बोलत होतो, आणि तो कुठल्याच बाजूला नव्हता.

ताईला फोन केला. गाडी रद्द कर म्हटलं. तिने शांतपणे विचारलं की काय झालं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, डॉक्टर म्हणाले होते ना, हात आपोआप हलतो त्यांचा."

"आपोआप हलणारा हात लय बदलली की थांबून जागा शोधत नाही, ताई."

"तू दमली आहेस."

"दमलेच आहे. तरी गाडी रद्द कर. मी इथे राहतेय. आणि ताई, त्यांना सांगायला हवं."

ती रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही ठरवलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "तू सांग. माझ्याने नाही होणार."

१८ मार्च, सोमवार

गाडी आली नाही.

मावशी आणि मी मिळून पलंग पुन्हा भिंतीला लावला. बोटावरची पट्टी काढली, जखम सुकत आली आहे. मग मी दादाच्या खोलीत जाऊन ताल सुरू केला आणि तो तसाच वाजत ठेवून बाबांजवळ येऊन बसले. त्यांचा हात हातात घेऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. मशीन बंद करून सांगायला हवं होतं हे तेव्हा सुचलं नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी आरपार नाही, माझ्याकडेच. मग भिंतीकडे बघितलं, जिथून ताल येत होता. पुन्हा माझ्याकडे. आणि तोंडाची जी बाजू अजून त्यांची आहे ती हळूहळू वर गेली. ते हसत होते. मला कळायला दोन आवर्तनं लागली. मी इथे बसलेली त्यांना दिसत होते, आणि पलीकडे कोणीतरी वाजवत होतं. इतके दिवस त्यांनाही थोडी शंका असेल, वाजवतोय तो दादाच की मी. ती आज मी येऊन बसून फेडली.

क्षणभर मलाही वळून दाराकडे बघावंसं वाटलं.

मी म्हटलं, "बाबा, तिकडे कोणी नाहीये. मशीन एकटंच वाजतंय. दादा नोव्हेंबरात गेला. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं आमचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. हसू उतरलं की नाही, सांगता येत नाही. त्यांचा चेहरा अर्धाच बोलतो. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या डोळ्यांत ते नेहमीच असतं. आवर्तन शेवटाकडे आलं. हात माझ्या हातात होता, मी सोडला. बोट वर गेलं आणि खळग्यावर पडलं. ठक.

मी मशीन बंद करायला उठले. दारापर्यंत गेले आणि मागे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत, बोट वर धरून, पुढच्या घराची वाट बघत होते.

मी परत येऊन बसले.